शिपाई घरीं केव्हां परतणार?

युद्धाचा इतिहास लिहितांना सैन्य रणांगणावर कसें गेलें याचें वर्णन ग्रंथकार मोठ्या हौसेनें करतात. तें घरीं कसें परतलें, याला बहुधा एखाददुसरें वाक्य पुरतें. परंतु शिपाईगिरी हा ज्यांचा धंदाच नव्हे अशा लोकांना परमुलखीं युद्धास नेलें, तर त्यांना परत आणण्याचा प्रश्न पाठविण्याच्या प्रश्नाहूनही अवघड होऊन बसतो. याचें एक ठळक उदाहरण १९१४ ते १९१९ या काळांत हिंदुस्थानांतच घडलें.

इंग्लंडांत १९०८ सालीं युद्धमंत्री हॉल्डेन यांनीं ‘टेरिटोरियल फोर्स’ नांवाचें दल उभारलें. त्यांतील शिपाई म्हणजे आठवडाभर पेढीवर, दुकानांत, गिरणींत किंवा शाळेंत काम करणारे गृहस्थ. सायंकाळीं कवायत करावी, वर्षांतून सुमारें पंधरा दिवस छावणींत राहावें आणि शत्रु चालून आल्यास स्वदेशाचें रक्षण करावें, एवढाच त्यांचा करार. समुद्रापलीकडे जाण्याचें बंधन त्यांच्यावर नव्हतें.

ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें आणि हिंदुस्थानांतील कसलेल्या गोऱ्या पलटणी युरोपकडे नेणें भाग पडलें. त्यांची जागा भरून काढण्यासाठीं लॉर्ड किचनेर यांनीं टेरिटोरियल पलटणींना स्वखुशीनें हिंदुस्थानांत जाण्याची विनंति केली. बहुतेकांनीं होकार दिला. वेसेक्स डिव्हिजन ९ ऑक्टोबर १९१४ रोजीं साउदॅम्प्टनहून निघाली. वर्षअखेरीपूर्वीं आणखी दोन डिव्हिजनी तिच्या पाठोपाठ रवाना झाल्या. येथें पोहोंचतांच त्या मोडून पलटणी निरनिराळ्या छावण्यांत वांटण्यांत आल्या. पुढें कांहीं पलटणी मेसापोटेमियांत गेल्या. हँपशायरच्या चौथ्या पलटणीचा एक भाग एप्रिल १९१६ मध्यें कुत येथें शत्रूच्या हातीं सांपडला. इतर अनेकांचीं मात्र चार वर्षें बराकींत पहारे देण्यांतच सरलीं.

११ नोव्हेंबर १९१८ रोजीं तोफा थांबल्या. आतां आधीं घरीं कोणीं जावयाचें? ब्रिटिश सैन्याची संख्या त्या वेळीं सुमारें ३८ लाख होती. सरकारची पहिली योजना अशी कीं, उद्योगधंद्यांना ज्यांची निकड आहे आणि ज्यांच्या हातीं मालकाचें बोलावणें आहे, त्यांना प्रथम सोडावें. कागदावर ही योजना शहाणपणाची दिसली. व्यवहारांत मात्र काल-परवां भरती झालेला मनुष्य, मालकाशीं त्याचा संबंध ताजा असल्यामुळें, आधीं सुटूं लागला आणि चार वर्षें झिजलेला मागें राहिला. ३ जानेवारी १९१९ रोजीं फोकस्टन बंदरांत हजारों शिपायांनीं फ्रान्सला परत नेणाऱ्या जहाजांवर चढण्याचें नाकारलें. त्याच महिन्यांत युद्धमंत्री झालेल्या चर्चिल यांनीं नियम फिरविला: ज्याची सेवा दीर्घ, वय अधिक किंवा जखमा अधिक, तो आधीं सुटावा. विलंब शिपायांनीं सोसला असता. रांगेंतील अन्याय त्यांना सोसवेना.

हिंदुस्थानांतील टेरिटोरियलांना न्याय्य रांगेचाही फारसा उपयोग झाला नाहीं. एक तर जहाजांची टंचाई. त्यांत तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यांतून फौजा नेणें शक्य तों टाळीत. अशांत ६ मे १९१९ रोजीं अफगाणिस्तानाशीं युद्ध सुरू झालें. सुटका थांबली, आणि घरीं जाण्याच्या तयारींत असलेल्या पलटणींपैकीं कांहींना सरहद्दीकडे कूच करावें लागलें. ३ जूनला युद्धतहकुबी व ८ ऑगस्टला रावळपिंडीस तह झाला. लढाई थोडक्यांत आटोपली; परंतु त्या मोहिमेंत गोळीपेक्षां पटकीनेंच अधिक बळी घेतले. ज्या युद्धासाठीं या लोकांनीं शब्द दिला होता, तें केव्हांच संपलें होतें. या दुसऱ्या युद्धाबद्दल त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें.

वाट पाहण्याची ही यातना आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला जुनीच ठाऊक होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून जहाज मिळेपर्यंत तेथील छावणींत थांबत. हंगाम चुकला तर महिनेच्या महिने जात. काम थोडें, ऊन फार. कित्येकांचीं डोकीं फिरत. त्यावरून इंग्रजींत ‘डुलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. डुलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! आजही इंग्लंडांत चक्रम मनुष्यास ‘डुलॅली’ म्हणतात.

या शिपायांची कामगिरी पुष्कळशी रणभूमीबाहेरची, म्हणून १९१४-१५ चा तारा त्यांतील अनेकांना मिळाला नाहीं. त्यांच्यासारख्यांसाठीं १९२० मध्यें वेगळें पदक काढावें लागलें. त्यावर ‘स्वेच्छेनें केलेल्या परदेशसेवेबद्दल’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.

हा प्रश्न त्या पिढीबरोबर संपला असें मात्र नाहीं. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतील ‘नॅशनल गार्ड’ची एक ब्रिगेड इराकांत होती. तेही असेच अर्धवेळ शिपाई. परतीचे दिवस जवळ आले असतां, जानेवारी २००७ मध्यें, त्यांचा मुक्काम १२५ दिवसांनीं वाढविण्यांत आला. जुलैंत ते परतले, तों हजाराहून अधिक लोकांच्या हुकुमांत सेवा ७२९ दिवसांची भरली होती; शिक्षणाच्या मोठ्या सवलतीस ७३० दिवस लागत! ओरड झाल्यावर सैन्यखात्याला त्याची दखल घ्यावी लागली. मिनेसोटानें एक गोष्ट मात्र विचारपूर्वक केली. परतलेल्यांना व त्यांच्या कुटुंबांना एक, दोन व तीन महिन्यांनीं एकत्र बोलावून त्यांची विचारपूस करण्याची व्यवस्था केली. २००८ च्या आरंभीं कायद्यानें ती सर्व अमेरिकेला लागू झाली.

अशा व्यवस्थेची आवश्यकता कां असते, हें उघड आहे. कायमचा शिपाई युद्धावरून परततो तो आपल्या सोबत्यांसह बराकींत. अर्धवेळ शिपाई परततो तो एकटा. कालपर्यंत हातीं बंदूक होती, आज दुकानाची वही येते. आणि शेजारीं बसणाऱ्यानें युद्ध पाहिलेलें नसतें. त्याची नोकरी राखून ठेवणें हें कायद्याचें काम; तो घरांत स्थिरावेपर्यंत त्याला सांभाळून घेणें हें समाजाचें. आणि ज्या दिवशीं राज्यकर्ते त्याच्याकडून जाण्याचा शब्द घेतात, त्याच दिवशीं त्याला परत केव्हां व कसें आणणार, हेंही त्यांनीं सांगावें. तेवढें विचारण्याचा अधिकार त्याच्या घरच्यांना खास आहे.