आशय व्यवस्थापन प्रणाली आणि लघुउद्योग : निवडीचे अर्थशास्त्र

(भिलाई येथे अर्थशास्त्राचे विद्यार्थी व लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भिलाईची ओळख पोलादाची आहे. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याभोवती सुटे भाग, ओतकाम आणि जोडकाम करणारे लघुउद्योग वाढले. एकच मोठा ग्राहक जवळ असणे ही त्यांची सोय होती आणि तीच त्यांची मर्यादाही ठरली. मोठ्या ग्राहकाची मागणी घटली की लहान कारखान्याची पाळी बंद होते. दुसरा ग्राहक शोधायचा तर आपण काय बनवतो, कोणत्या मापाचे व कोणत्या दर्जाचे बनवतो, ही माहिती दूरच्या खरेदीदारापर्यंत पोहोचली पाहिजे. आजचा विषय तांत्रिक वाटला तरी त्याचे मूळ या आर्थिक गरजेत आहे.

संकल्पना

संकेतस्थळावरील मजकूर, छायाचित्रे व दस्तऐवज संगणकीय आज्ञावली न लिहिता तयार करणे, तपासणे, प्रसिद्ध करणे आणि बदलणे ज्या प्रणालीमुळे शक्य होते, तिला आशय व्यवस्थापन प्रणाली किंवा 'सीएमएस' म्हणतात. मजकूर एका विदागारात साठवला जातो, त्याची मांडणी वेगळ्या साच्यात असते. त्यामुळे साचा बदलला तरी मजकूर कायम राहतो. द्रुपल (2001), वर्डप्रेस (2003) आणि जूमला (2005) या मुक्त स्रोत प्रणाली सर्वपरिचित आहेत. त्यांचे परवाना शुल्क नसते. दुसऱ्या प्रकारात एखादी कंपनी मासिक वा वार्षिक शुल्क घेऊन सर्व सेवा आपल्या संगणकावरून पुरवते.

खर्चाचा हिशेब

'मोफत' हा शब्द अर्थशास्त्रात जपून वापरावा लागतो. खरेदीची किंमत आणि एकूण बाळगण्याचा खर्च या भिन्न गोष्टी आहेत. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या पर्यायात साधे संकेतस्थळ 15,000 रुपयांत होते, जागेचे वार्षिक भाडे 4,000 रुपये आहे आणि प्रत्येक बदलासाठी बाहेरच्या तंत्रज्ञाला 500 रुपये द्यावे लागतात. दुसऱ्या पर्यायात सीएमएस उभारणीस 40,000 रुपये, भाडे व देखभालीस वर्षाला 12,000 रुपये लागतात आणि प्रत्येक बदलामागे कर्मचाऱ्याच्या वेळेचे 50 रुपये धरले आहेत.

पाच वर्षांत महिन्याला एकच बदल होत असेल, तर पहिल्या पर्यायाचा खर्च 65,000 रुपये आणि दुसऱ्याचा 1,03,000 रुपये होतो. महिन्याला चार बदल असतील, तर हेच आकडे अनुक्रमे 1,55,000 आणि 1,12,000 रुपये होतात. या उदाहरणात तिसऱ्या मासिक बदलापासून सीएमएस स्वस्त पडते. म्हणून प्रणाली निवडण्याआधी विचारावयाचा पहिला प्रश्न असा : आपली माहिती किती वेळा बदलते?

मालकी कोणाची?

दुसरा प्रश्न बंदिस्तपणाचा. एका परिचित उद्योजकाने संकेतस्थळाचे सर्व काम एका पुरवठादारावर सोपवले होते. डोमेन नावाची नोंदणीही पुरवठादाराच्याच नावे झाली. पुढे मतभेद झाले, तेव्हा उद्योजकाच्या हाती ना नाव राहिले, ना मजकूर. छापील पत्रकांवर व देयकांवर तोच पत्ता होता. जुने ग्राहक त्या पत्त्यावर जात आणि रिकामे पान पाहून परत फिरत. पुरवठादार बदलण्याचा हा खर्च करार करताना दिसत नाही, करार मोडताना तो भरावा लागतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडलेली माहितीची विषमता हीच आहे : विक्रेत्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात.

यावर उपाय साधे आहेत. डोमेन नाव उद्योगाच्याच नावे नोंदवावे. मुख्य प्रशासकाचा परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवावा. सर्व मजकूर प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येईल, अशी अट करारात असावी. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच असावा, अन्यथा प्रणाली बदलताच तो वाचता येत नाही.

वापरातील शिस्त

प्रणाली चांगली असूनही संकेतस्थळ जुनाट राहते, याचे कारण बहुधा कामाची वाटणी न होणे हे असते. मजकूर कोण लिहील, कोण तपासील आणि कोण प्रसिद्ध करील, हे ठरलेले असावे. चुकीचे माप वा जुना दर प्रसिद्ध झाल्यास नुकसान थेट होते. प्रणाली व तिची जोड-साधने वेळोवेळी अद्ययावत करणे आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी राखणे हा देखभालीचा भाग आहे. तो यंत्राला तेल देण्याइतकाच आवश्यक आहे. चौकशी अर्जातून ग्राहकांची माहिती गोळा होत असेल, तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचेही भान हवे.

शासनाचा अनुभव

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे व ती अद्ययावत ठेवण्याचे बंधन घातले. 2009 मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि 2015 मध्ये मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देणारे धोरण केंद्राने जाहीर केले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवास' या सामाईक व्यवस्थेवर आज अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे चालतात. प्रत्येक जिल्ह्याने स्वतंत्र प्रणाली उभारण्याऐवजी एकच सुरक्षित चौकट सर्वांनी वापरली, तर प्रति-जिल्हा खर्च घटतो. पाठ्यपुस्तकातील मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या काटकसरीचे हे जिवंत उदाहरण आहे. लघुउद्योगांच्या संघटनांनाही सामाईक प्रणालीचा हा मार्ग खुला आहे.

2016 मध्ये सुरू झालेल्या शासकीय ई-बाजारपेठेवर, म्हणजे 'जेम'वर, विक्री करतानाही वस्तूंची अचूक व अद्ययावत सूची लागते. स्वतःची माहिती ज्याने नीट राखली आहे, त्याला तेथे प्रवेश सुकर होतो.

समारोप

माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकाने 1900 मध्ये याच प्रदेशातील पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. मजकुराची वाण नव्हती. आर्थिक अडचणींमुळे ते 1902 मध्ये बंद पडले. आशय निर्माण करण्याइतकेच तो टिकवण्याचे अर्थकारण महत्त्वाचे असते, हा धडा सव्वाशे वर्षांनंतरही लागू आहे. तंत्रज्ञान निवडताना आधी गरज, मग आयुष्यभराचा खर्च, त्यानंतर मालकी आणि शेवटी दिखावा, हा क्रम उद्योजकांनी पाळावा आणि विद्यार्थ्यांनी त्यामागील तत्त्वे ध्यानात ठेवावीत, एवढीच अपेक्षा.