डायलिसिसच्या खाटेजवळची परिचारिका



मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस आता आपल्या मोहल्ल्यांत नवा राहिलेला नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची दोन मोठी कारणे. असा आजारी बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास डायलिसिसच्या खाटेवर असतो. डॉक्टर येऊन पाहून जातात. चारही तास नजर ठेवते ती परिचारिका. तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

हॉलंडमधील काम्पेन येथे डॉ. कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड वापरण्यास सुरुवात केली. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री त्याच्या साह्याने वाचली. कोल्फ यांचे नाव जगभर झाले. पण त्यांच्या १९४४ च्या लेखात सहकारी म्हणून तेर वेल या परिचारिकेचेही नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

यंत्र जोडण्याचे काम तंत्रज्ञही करतो. मग खास शिकलेली परिचारिका कशाला? तर आजाऱ्याच्या हातातील शीर व धमनी जोडून फिस्तुला केलेला असतो. रक्त तेथूनच यंत्रात जाते. परिचारिका त्यावर बोटे ठेवून थरथर पाहते. ती मंदावली तर वेळीच डॉक्टरांना कळविते. त्या हाताचा रक्तदाब घेऊ नये, त्यावर घट्ट बांगडी किंवा घड्याळ नको, हे घरच्यांना तीच समजावते. मध्येच आजारी जांभया देऊ लागला, पोटऱ्यांत गोळे आले, की रक्तदाब उतरतो आहे हे ती ओळखते आणि पाणी काढण्याचा वेग कमी करते.

आणि तिचे बोलणे! रमजानात इफ्तारला खजूर, फळे, सरबत. कोकणात तर नारळपाणी म्हणजे औषधच समजतात. पण यांत पोटॅशियम पुष्कळ असते, आणि ते रक्तात साठले की हृदय बंद पडू शकते. दोन डायलिसिसांमध्ये झपाट्याने वाढलेले वजन म्हणजे बहुतेक पाणीच. आजाऱ्याला रोज्याची सवलत दीनानेच दिली आहे. तरी वडीलधाऱ्यांना हे सांगावे कोणी? आपल्या घरची भाषा आणि रीत जाणणारी मुलगी खाटेजवळ असेल, तर तिचे ते ऐकतात.

परंतु पालक म्हणतात, रात्रपाळी असते, परपुरुषाची शुश्रूषा करावी लागते, लोक काय म्हणतील? रात्रपाळीची काळजी खरी आहे. येण्याजाण्याची सोय आधी विचारून घ्यावी. दुसऱ्या आक्षेपाला मात्र मी मान देत नाही. मदीना येथे मशिदीजवळच्या तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे नाव आपण आदराने घेतो, आणि घरातील मुलीने तेच काम शिकायचे म्हटले की तोंड फिरवतो!

विद्यार्थिनींनो, आणि विद्यार्थ्यांनो, कारण हे काम मुलांचेही आहे, बारावीनंतर जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी.साठी बारावीला जीवशास्त्र लागते. दहावीनंतर शाखा निवडतानाच हे ध्यानात ठेवा. नोंदणी व अनुभवानंतर मूत्रपिंड शुश्रूषेचा एक वर्षाचा खास अभ्यासक्रमही करता येतो. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे की नाही, हे पालकांनी स्वतः पाहावे.