पहिला घाव ठाण्यावर

धर्माच्या नावाने शस्त्र उचलणाऱ्या अतिरेक्यांशी शासनाचा जो झगडा १९८९ पासून काश्मीरात चालू झाला, तो डोंगरदऱ्यांतला आणि लष्कराचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पंजाबातील एका सकाळने ही समजूत फोल ठरवली.

पंजाबचा कारभार चंडीगडहून चालतो. या रेखीव नगराला लागून मोहालीत आता ‘नॉलेज सिटी’ वसली आहे आणि विज्ञानसंशोधनाच्या संस्था तेथे उभ्या आहेत. तेथून रस्त्याने चार-पाच तासांवर, पाकिस्तानच्या सीमेजवळ, गुरदासपूर जिल्ह्यातील दीनानगर हे लहानसे गाव आहे. राजधानीपासून इतक्या दूर शासन म्हणजे काय, तर एक पोलीस ठाणे!

२७ जुलै २०१५ च्या पहाटे सैनिकी गणवेशातील तीन अतिरेक्यांनी तेथे एक मोटार बळकावली. वाटेत त्यांनी प्रवाशांनी भरलेल्या बसवर गोळ्या झाडल्या. चालकाने गाडी थांबवली नाही. जखमींसह ती त्याने सरळ रुग्णालयाकडे नेली. पुढे अतिरेकी ठाण्यात शिरले. इकडे अमृतसर-पठाणकोट लोहमार्गावर पाच बॉम्ब आढळले; रेल्वेचा एक कर्मचारी सावध होता, म्हणून गाडी वेळीच थांबली. लष्कर मदतीला आले होते, तरी ठाणे परत घेण्याचे काम पंजाब पोलिसांनीच केले. सुमारे अकरा तासांनी तिघे अतिरेकी ठार झाले. तोवर चार पोलीस आणि तीन नागरिक प्राणास मुकले होते.

मराठी माणसाला येथे २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई आठवल्यावाचून राहत नाही. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातील तुकाराम ओंबळे हातात केवळ काठी असताना कसाबच्या बंदुकीला बिलगले आणि गोळ्या अंगावर घेत त्यांनी ती सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, म्हणूनच कटाचा धागा न्यायालयापर्यंत पोहोचला. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मात्र दिल्लीजवळून यायचे होते. त्यांना सकाळ झाली. महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ उभारले ते त्यानंतर. पंजाबला अशी तयारी आधीच्या रक्तरंजित दशकाने शिकवली होती. अर्थात त्या दशकातील पंजाब पोलिसांची सर्वच कृत्ये अभिमानाने सांगण्याजोगी नव्हेत. खोट्या चकमकींबद्दल काही पोलिसांना न्यायालयांनी पुढे शिक्षा दिल्या.

शिवाय तयारी म्हणजे केवळ बंदुका नव्हेत. दीनानगरनंतर जेमतेम पाच महिन्यांनी त्याच भागात एका पोलीस अधीक्षकाची मोटार अतिरेक्यांनी पळवली. त्याने सुटून येऊन हकीकत सांगितली, तेव्हा तिच्यावर प्रथम विश्वास बसला नाही. २ जानेवारी २०१६ च्या पहाटे पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. सात जवान मृत्युमुखी पडले.

दीनानगरच्या चार पोलिसांत पोलीस अधीक्षक बलजितसिंग होते. त्यांचे वडील अच्छरसिंग हेही पोलीस अधिकारी. १९८४ साली दहशतवादानेच त्यांचा बळी घेतला. त्यानंतर वडिलांचाच गणवेश मुलाने अंगावर चढवला होता.