न पेटणारे द्रव्य : ट्रायक्लोरोएथिलीन



आज आम्ही ज्या पदार्थाविषयी बोलणार आहोत, त्याचे नाव अवघड आहे. रूप मात्र साधे. पाण्यासारखा रंगहीन, गोडसर वासाचा द्रव. यंत्राचे सुटे भाग घडविताना त्यांवर तेल व वंगण बसते. ते काढल्याखेरीज रंग धरत नाही. पेट्रोलने धुवावे, तर आगीची धास्ती. ट्रायक्लोरोएथिलीन तेल चटकन विरघळविते आणि सहजासहजी पेट घेत नाही. म्हणूनच विसाव्या शतकात कारखानदारांनी त्याला जवळ केले.

ते खोल टाकीच्या तळाशी तापवितात. ८७ अंश सेंटिग्रेडला ते उकळते. त्याची वाफ हवेच्या साडेचार पट जड, म्हणून ती टाकीतच राहते. तीत थंड लोखंडी भाग सोडला की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि तेल घेऊन ते खाली ठिबकते.

परंतु हेच गुण उलटतात. टाकी साफ करावयास उतरलेल्या माणसाला त्या साचलेल्या वाफेने गुंगी येते. त्याला काढावयास गेलेला दुसराही तेथेच कोसळतो. ही गुंगी साधी नव्हे. १९४१ पासून ब्रिटनमध्ये हेच द्रव्य शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी वापरीत. ते पेटत नाही हे खरे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो.

आणि जमिनीवर ओतले तर? पाण्याहून जवळजवळ दीडपट जड असल्याने ते भूजलात खोल उतरते व वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. अमेरिकेतील वोबर्न या गावच्या पाणीपुरवठ्याच्या दोन विहिरी यामुळेच १९७९ साली बंद कराव्या लागल्या. त्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब केला, तर एक लिटर द्रव २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन पोचवितो! २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या द्रव्याने मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, असा निर्वाळा दिला.

तेव्हा एवढे ध्यानी धरू या. नाकाला बांधलेले फडके ही वाफ अडवीत नाही. स्वच्छ हवेचा पुरवठा करणारे श्वसनयंत्र लावल्यावाचून कोणीही टाकीत उतरू नये, सोबत्याला वाचविण्यासाठीदेखील नाही. वापरलेले द्रव्य गटारात ओतू नये. आणि जेथे साबणाच्या गरम पाण्याने काम भागते, तेथे आपण हे द्रव्य आणूच नये.