रक्तातील शिसे आणि कामगाराचा पुरावा

(भिवंडी येथील सभेतील भाषण)



भिवंडी म्हटले की मागांचा खडखडाट आठवतो. पण मागांखेरीज येथे गोदामे आहेत, भंगाराचे धंदे आहेत. आणि जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे, शिसे वितळविण्याचे काम कोठेही चालले तरी ते बहुधा गरिबाच्याच वाट्याला येते. हे विष डोळ्यांना दिसत नाही. पोटात कळा येतात, हातपाय गळतात, रक्त कमी होते. घरची माणसे म्हणतात, अंगमेहनतीने झाले असेल.

हवेतील धूळ मोजली म्हणजे कारखान्याची स्थिती कळते. देहात विष किती शिरले, हे कळण्यास शिशासाठी रक्त आणि पाऱ्याच्या वाफेसाठी लघवी तपासावी लागते. येथे वकील या नात्याने मला एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. काम सुटल्यावर रक्तातील शिसे सुमारे महिन्याभरात निम्म्यावर येते. फार वर्षे काम केलेल्याचे सावकाश उतरते. हाडांत शिरलेले मात्र दशकानुदशके तेथेच राहते. म्हणून काम सोडल्यावर वर्षाने रक्त तपासून दावा करणारा माणूस आपला पुरावा स्वतःच्या हाडांत पुरून न्यायालयात येतो! तपासणी काम चालू असतानाच व्हावी, अहवालावर तारीख असावी आणि त्याची नक्कल आपल्या पेटीत असावी.

१९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा सरकारला कळविण्याच्या रोगांत घातली. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला आपली आरोग्यनोंद पाहण्याचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०२० ची संहिता आली, तरी ही दोन्ही तत्त्वे तीत कायम आहेत. भरपाईच्या कायद्याचेही असेच आहे. शिशाच्या कामात असलेल्यास ती बाधा झाली, तर ती कामामुळेच झाली असे गृहीत धरले जाते. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो.

कोणी म्हणेल, “वकीलसाहेब, अहवाल मागितला तर मालक उद्याच हाकलील.” ही भीती खोटी नाही. म्हणून अर्ज एकट्याने करू नये; दहा जणांच्या सह्यांनी करावा आणि पोच घ्यावी. ज्या शेडमध्ये हजेरीपटच नाही, तेथील माणसाने डॉक्टरांना आपले नेमके काम सांगावे. “मजुरी” एवढेच सांगितल्यास शिशाचा संशय कोणाला येणार?

आता मातांसाठी. कामाच्या कपड्यांवरची धूळ घरी येते आणि रांगते मूल ती तोंडात घालते. ते कपडे निराळे धुवावेत. बापाने अंघोळ केल्यावाचून मुलाला उचलू नये. बालकाच्या एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचे मूळ शोधून ते बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले; त्याहून कमी शिसेही निर्धोक नव्हे. रक्त शक्यतो शिरेतून काढवावे. बोट टोचणार असतील तर ते आधी साबणाने नीट धुवावे. नाहीतर कातडीवरचे शिसे थेंबात मिसळून आकडा फुगतो.