पाटाच्या काठाने



गंगेचा उगम कोठे आहे व भाक्रा धरण कोणत्या नदीवर आहे, हे चौथीतील मुलगा न अडखळता सांगतो. परंतु गावाच्या शिवारातून वाहणारा पाट कोठून निघतो, तो किती शेते ओलांडतो आणि शेवटी कोणाच्या बांधाशी संपतो, असे विचारले म्हणजे तोच मुलगा एकदम गप्प होतो. दूरचे ज्ञान आणि जवळचे अज्ञान हा दोष त्या मुलाचा नव्हे. त्यास पाटाच्या काठाने कोणी चालवत नेले नाही, एवढाच याचा अर्थ. ही उणीव एका दिवसाच्या पायी फेरीने भरून काढता येते, आणि त्या फेरीत भूगोल, गणित, भाषा व नागरिकशास्त्र हे चारही विषय वाटेत भेटतात.

चंद्रपूर जिल्ह्यात पाण्याच्या दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. पूर्वेकडील नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल हा भाग धानाचा. तेथे गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधण्याची प्रथा रुजली आणि कोहळी समाजाने त्या कामात मोठे नैपुण्य मिळविले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले हे तलाव आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जातात. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत याच भागात घोडाझरी व आसोलामेंढा हे मोठे तलाव झाले व त्यांचे पाट दूरवरच्या गावांपर्यंत पोहोचले.

कोरपन्याची गोष्ट वेगळी. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात, राजुरा तालुक्यात होता. त्या वर्षी तो नांदेड जिल्ह्यात आला व १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. येथील जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. पीक मुख्यतः कापूस व तूर, आणि अलीकडे सोयाबीन. त्यामुळे मालगुजारी तलावांची परंपरा येथे नाही. येथे पाट आले ते अमलनाला व पकडीगुड्डम यांसारख्या अलीकडच्या धरणांबरोबर. परंतु नव्या पाटाचे मर्म जुन्या पाटावर अधिक स्पष्ट दिसते. म्हणून प्रथम जुन्या पाटाची वाट पाहणे योग्य होईल.

फेरीचा आरंभ तलावाच्या पाळीवरून व्हावा. पाळीवर मोह, अर्जुन, शिंदी अशी झाडे असतात. एका बाजूस पाणी व त्यापलीकडे जंगलाची निळसर रेघ, तर दुसऱ्या बाजूस पायऱ्यांप्रमाणे उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या दिसतात. येथे शिक्षकाने बोलण्याची घाई करू नये. मुलांना दोन्हीकडे पाहू द्यावे आणि एकच प्रश्न विचारावा : 'तलाव येथेच का बांधला असेल?' उंच कडे कोठे आहेत, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने उतरते, कोठे थोडीच पाळ घालून पुष्कळ पाणी अडते, हे मुले स्वतः बोटाने दाखवू लागतात. ज्यांनी ही जागा हेरली त्यांच्यापाशी नकाशा नव्हता. पावसाळ्यात उतारावरून हिंडून पाणी कसे धावते ते त्यांनी पाहिले होते.

पाळीच्या पोटात पाणी सोडण्याचे द्वार असते. त्यास या भागात तुडूम म्हणतात. जादा पाणी निघून जाण्यासाठी बाजूस सांडवा असतो. सांडवा नसेल तर एका अतिवृष्टीत पाळ फुटेल, ही गोष्ट मुलांस तेथेच पटते. तुडूमापासून पाट निघतो आणि फेरी त्याच्या काठाने सुरू होते. पाट नदीसारखा स्वच्छंद वाहत नाही. तो टेकडीच्या अंगाने वळसे घेत जातो, कारण त्यास उंची सोडावयाची नसते. जितका वेळ तो उंच राहील, तितकी अधिक शेते त्याच्याखाली येतात. वाटेत काठावर खंड्या बसलेला असतो, बगळे चिखल चाळत असतात, ओल्या मातीत खेकड्यांची बिळे दिसतात. मुलांनी ती मोजावी, पण त्याबरोबर हेही पाहावे की, त्या बिळांतूनच पाटाचे पाणी झिरपून जाते.

वाटेतील एखाद्या सरळ भागात, पाणी गुडघ्याखाली असेल अशा ठिकाणी, गणिताचा तास घ्यावा. काठावर २० मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्यात व सुकी काडी पाण्यात सोडावी. समजा, ती ४० सेकंदांत दुसऱ्या खुणेपाशी पोहोचली. म्हणजे वेग सेकंदास अर्धा मीटर झाला. पाटाची रुंदी १ मीटर व पाण्याची खोली अर्धा मीटर असेल, तर दर सेकंदास पाव घनमीटर, म्हणजे २५० लिटर पाणी जाते. तळाचे व कडेचे पाणी पृष्ठभागापेक्षा सावकाश चालते, म्हणून पाचवा हिस्सा वजा करून २०० लिटर धरावे. एक हेक्टर शेतात ५ सेंटिमीटर पाणी भरावयाचे तर ५ लाख लिटर लागतात. त्यास किती वेळ लागेल? सुमारे ४२ मिनिटे. फळ्यावर कंटाळवाणे वाटणारे हे उदाहरण पाटाच्या काठावर मुले आपण होऊन सोडवितात, कारण त्या उत्तराची घरी वाट पाहिली जात असते.

हाच हिशेब पाटाच्या शेवटास पुन्हा करावा. तेथे दर सेकंदास २०० लिटर नव्हे, कदाचित ५०, कदाचित नुसती ओल आढळेल. फेरीचा खरा धडा या फरकात आहे. काही पाणी वाटेतल्या शेतांस रीतीने मिळालेले असते. परंतु काही झिरपून गेलेले असते, काही गाळ व बेशरमाच्या झुडपांनी अडविलेले असते, आणि काही कोणीतरी रात्री काठ फोडून वळविलेले असते. वरच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि शेवटच्या शेतकऱ्याचा मुलगा एकाच बाकावर बसतात. शिक्षकाने कोणाचेही नाव न घेता, कोणासही दोष न देता, दोघांना दोन्ही आकडे पाटीवर लिहावयास लावावे. त्या दोन आकड्यांमधील अंतर पुढे मोठेपणी ते दोघेच भरून काढतील.

मामा तलावांचा इतिहासही हेच सांगतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. एका माणसाच्या मर्जीवर गावाचे पाणी अवलंबून राहण्याचा काळ गेला, हे न्याय्यच झाले. परंतु दरवर्षी गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पाट साफ करणे ही गावाने मिळून करावयाची कामे हळूहळू 'सरकारचे काम' ठरली, आणि अनेक तलाव उथळ झाले. खानदेशात पांझरा नदीवरील फड पद्धतीत याच्या उलट उदाहरण दिसते. तेथे बंधाऱ्याचे पाणी शेतकरी स्वतः वळवून घेत नसे. गावाने नेमलेला पाटकरी सर्वांच्या शेतांस पाळीने पाणी देई. ती व्यवस्था शतकानुशतके चालली, कारण नियम गावाचा होता व तो पाळण्याची जबाबदारीही गावाची होती.

आता पुन्हा कोरपन्याकडे वळावे. अमलनाल्याच्या वा पकडीगुड्डमच्या लाभक्षेत्रातील शाळांना फेरीसाठी दूर जावयास नको. माणिकगडच्या डोंगररांगा पाठीशी घेऊन, कापसाच्या व तुरीच्या शेतांमधून जाणाऱ्या पाटाच्या काठाने तीच फेरी करता येईल. रब्बीसाठी पाणी सुटल्यानंतरचे दिवस त्यास सोयीचे. मात्र पाट भरून वाहत असता मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. दारे, बोगदे व धबधब्याच्या जागांपासून त्यांना दूर ठेवावे. पालकांची संमती घ्यावी, आणि वीस मुलांमागे निदान दोन मोठी माणसे असावीत.

या तालुक्यात भाषेचा एक विशेष लाभ आहे. वर्गात कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी कोलामी, तर कोणाच्या घरी तेलुगू बोलली जाते. पाण्यास गोंडीत 'येर' म्हणतात, तेलुगूत 'नीळ्ळु'. काठ, गाळ, ओल, बांध यांसाठी प्रत्येकाच्या घरी कोणते शब्द आहेत, ते मुलांनी आजी-आजोबांस विचारून आणावेत व एका वहीत शेजारी शेजारी लिहावेत. वर्गात एरवी मुका बसणारा मुलगा त्या दिवशी शिक्षकास शब्द शिकवील.

फेरी संपल्यावर मुलांकडून मोठा निबंध मागू नये. एका कागदावर पाटाचा नकाशा काढवावा : उगम, वळणे, झाडे, गळतीच्या जागा आणि अखेरचे शेत. तो शाळेच्या भिंतीवर लावावा व दरवर्षी नव्या वर्गाने तो पडताळून पाहावा. अखेरच्या शेतापाशी पाण्याचा आकडा वाढला की घटला, हे गावात दुसरे कोणी लिहून ठेवीत नसले, तरी शाळेच्या भिंतीवर ते लिहिलेले असेल.