जहाजावर रांधतं कोण?

धडगावच्या एका बैठकीत मी अंगणवाडीच्या बायांना एक इंग्रजी कादंबरी तोंडी सांगितली. अमेरिकन लेखिका बेकी चेंबर्स यांची, २०१४ सालची – 'द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट'. अंतराळात बोगदे पाडणारं एक जहाज आणि त्यावर काम करणारी माणसं. लढाया फारशा नाहीत. मला वाटलं, बाया कंटाळतील.

पहिलाच प्रश्न आला, "ताई, जहाजावर रांधतं कोण?"

म्हटलं, डॉक्टरच. तो परग्रहावरचा. त्याच्या लोकांत सगळे मुली म्हणून जन्मतात, वय झालं की पुरुष होतात. बाया खूप हसल्या. त्याच्या सगळ्या मुली युद्धात मेल्या हे सांगितल्यावर गप्प झाल्या.

मग रोझमेरी, जहाजावरची कारकून. कागदपत्रं नीट असतील तरच मोठं काम मिळणार, म्हणून तिला पगारावर घेतलेलं. इथे एकजण उसळली, "रजिस्टरं आम्हीपण भरतो. आम्हाला मात्र मानधन!"

२०२० मध्ये चिमलखेडीच्या सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत नर्मदेतून गरोदर बायांपर्यंत, बाळांपर्यंत पोचल्या. देशभर कौतुक झालं. सेविका अजून मानधनावरच आहेत.

"पुस्तकात पुढं काय होतं ते नंतर सांगा," ती म्हणाली, "आधी अर्ज लिहू."